उजव्या गालावरचा तीळ

कोणत्याही सुव्यवस्थित राज्यात चेहऱ्यांची संख्या मर्यादित असावी लागते. माणसं कितीही वाढली तरी हरकत नाही. माणसांना जागा देता येते, तांदूळ देता येतो, तांदूळ कमी पडला तर उपदेश देता येतो. पण प्रत्येकाला स्वतंत्र चेहरा द्यायचा म्हटलं तर कुठलंही सरकार कोलमडेल. आमच्या एडो शहराने हा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला आहे. दहा लाख वस्तीच्या या शहरात छापील चेहरे एकूण तीन आहेत. एक नटाचा, एक पैलवानाचा आणि एक बाईचा. नटाचा चेहरा रागावलेला असतो, पैलवानाचा झोपाळलेला असतो, आणि बाईचा कसलाच नसतो.

या तिसऱ्या चेहऱ्याशी माझा एकतीस वर्षांचा संबंध आहे. मी हिकोजी, ठसे कोरणारा. योशिवाराच्या, म्हणजे शहरातल्या सरकारमान्य रंगवस्तीच्या, नामवंत कलावंतिणींची जी चित्रं लोक भिंतीला लावतात, त्यांचे लाकडी ठोकळे मी कोरतो. चित्रावर चित्रकाराचं नाव असतं, प्रकाशकाची खूण असते, तपासनिसाचा गोल शिक्का असतो, कलावंतिणीचं नाव असतं आणि ती कुठल्या घरची ते असतं. कोरणाऱ्याचं नाव नसतं. (एकदा मी विचारलं होतं. जागा नाही, तिथे फुलं आहेत, असं सांगण्यात आलं.)

आमच्या धंद्यात दोन वर्ग आहेत. अंग कोरणारे आणि डोकं कोरणारे. अंग म्हणजे कपडे, हात, पंखा, मांजर वगैरे. डोकं म्हणजे चेहरा आणि केस. मी डोक्यातला. चित्रकार कपाळावरचे केस काढत नाही. तिथे तो नुसता एक काळा डाग ठेवतो आणि जेवायला जातो. त्या डागातून केस काढायचे ते मी. तांदळाच्या एका दाण्याच्या रुंदीत मी सहा केस बसवतो. मानेवर श्वास सोडला तरी केस तुटतो, म्हणून काम चालू असताना मी कुणाशी बोलत नाही आणि मान वर करत नाही. आजवर मी दोन हजार एकशे चाळीस डोकी कोरली. डोक्यामागे सरासरी तीनशे केस धरले तर सहा लाख बेचाळीस हजार केस होतात. त्यातला एकही कुणाचा नव्हता.

एकच चेहरा असण्याचे फायदे अनेक आहेत. चित्रकाराला बाईला भेटावं लागत नाही. बाईला आरशात बघून वाईट वाटत नाही. आणि गिऱ्हाइकाला आपली लाडकी कुठली ते ओळखायला कधी अडचण येत नाही, कारण नाव वाचता येतं. मागे एकदा छपाईत घोटाळा झाला आणि आसानागीच्या चित्रावर दुसऱ्याच कुणाचं नाव गेलं. आसानागी म्हणजे त्या वर्षीची सगळ्यांत नावाजलेली. तिचा भक्त, तेलाचा व्यापारी मान्झो, दुकानात आला आणि चित्र हातात घेऊन संतापला.

"हिला तुम्ही आसानागी म्हणता? हे नाक बघा! ही मान बघा! माझी आसानागी अशी असते होय?"

आमचे प्रकाशक तोकुझाएमोन शांत माणूस. त्यांनी चित्र आत पाठवलं. मी ठोकळ्यातला नावाचा चौकोन काढून तिथे लाकडाचं नवं ठिगळ बसवलं, त्यात 'आसानागी' कोरलं आणि नवी प्रत बाहेर पाठवली. मान्झोने ती दोन्ही हातांत धरली. त्याचे डोळे भरून आले.

"हुबेहूब," तो म्हणाला. "आता हसेल असं वाटतंय."

त्या दिवसापासून मला माझ्या कलेबद्दल आदर वाटू लागला.

एक तांत्रिक बाब सांगायला हवी, कारण पुढे मी तिच्यातच फसणार आहे. चित्रकाराचा पातळ कागद आम्ही चेरीच्या फळीवर पालथा चिकटवतो. त्यामुळे फळीवर सगळं उलटं दिसतं आणि छापल्यावर सुलटं होतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. पहिल्याच वर्षी शिकाऊ पोरालाही हे कळतं. पण एकतीस वर्षं असं बघितल्यावर सुलटी बाईच विचित्र दिसू लागते. किमोनोचंच बघा. आपण जिवंत माणसं डावी बाजू उजवीवर घालून बांधतो. उजवी वर घालतात ती फक्त मेलेल्याला. पण माझ्या फळीवर सगळंच उलटं, त्यामुळे योशिवाराच्या दोन हजार एकशे चाळीस सुंदऱ्या माझ्यासमोर प्रेताच्या बांधणीत बसलेल्या असतात. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. नंतर मला वाटू लागलं की बाई नीट नेसलेली असली तर अशीच दिसते.

आता कायद्याकडे वळू. चार वर्षांपूर्वी सरकारचा हुकूम निघाला की चित्रातल्या बाईचं नाव छापायचं असेल तर ती बाई कलावंतीण असली पाहिजे. त्याआधी चहाच्या टपरीवरच्या आणि तांदळाचे पापड विकणाऱ्या मुलींचीही चित्रं नावानिशी निघत आणि टपरीवर गर्दी होई. सभ्य मुलींची अशी चर्चा बरी नव्हे, असा सरकारचा उदात्त विचार. मग प्रकाशकांनी नावाऐवजी कोपऱ्यात चित्रांचं कोडं छापलं. लोकांनी ते सोडवलं. दुर्दैवाने सरकारनेही सोडवलं, आणि कोड्यांवर बंदी आली. तेव्हापासून नियम स्पष्ट आहे. जी बाई लोकांनी लक्षात ठेवायला हवी ती असभ्य असली पाहिजे. सभ्य बाईचं रक्षण ती कुणाच्याही लक्षात राहणार नाही अशा पद्धतीने केलं जातं. व्यवस्था चोख आहे. मी स्वतः तिच्यात एकतीस वर्षं हातभार लावला, बाहेरही आणि घरीही.

माझी बायको ओनुई गेल्या वर्षी दहाव्या महिन्यात वारली. सात दिवस ताप होता.

ती माझ्या कोरण्यांना धार लावायची. हे काम घरातल्या बाईने करायची पद्धत नाही, पण तिची धार शहरात कुणाला जमत नव्हती. उंबऱ्यात उजेडाला बसायची, पुढ्यात पाण्याचं भांडं आणि दगड. मधूनच म्हणायची, "अहो, बघा ना इकडे जरा." कधी रस्त्यावरून माकडवाला जात असे, कधी तिने केस नव्या तऱ्हेने बांधलेले असत, कधी काहीच नसे. मी म्हणायचो, "थांब, एक केस राहिलाय." आणि तो झाला की पुढचा असायचाच. सातव्या दिवशीही ती आतून म्हणाली, "अहो, बघा ना इकडे." मी म्हटलं, "थांब, एक केस राहिलाय."

तो केस उत्तम आला. अजून छापतात तो ठोकळा.

पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही. भिक्षूने तिला मेल्यानंतरचं नाव दिलं, नऊ अक्षरी. पाटीवर लिहून दिलं. सुंदर अक्षर होतं. त्या नावाने कुणी हाक मारली असती तर ओनुईने मान वळवली नसती. आणि चाळीस-पन्नास दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या पाटीसमोर हात जोडून डोळे मिटले की मला जो चेहरा दिसतो तो आसानागीचा आहे. म्हणजे तो तिसरा चेहरा. लांबट, कलिंगडाच्या बीसारखा, कसलाच नसलेला. माझी बायको मेली आणि मला दुःख होत होतं दुसऱ्याच बाईचं, जिला मी कधी भेटलोही नव्हतो.

मी घाबरलो. बायको जाणं ही गोष्ट सगळ्यांच्या बाबतीत होते, तिच्यासाठी समाजात सोय आहे. पण गेलेली बायको ओळखू न येणं ही निष्काळजीपणाची गोष्ट आहे. वर्षश्राद्धाच्या आत तिचं एक चित्र करून ठेवायचं मी ठरवलं. एकच प्रत. तिच्यासारखी.

प्रथम रीतीप्रमाणे चित्रकार राकुहो यांच्याकडे गेलो. वीस वर्षं ते आमच्या घरी येत-जात होते.

"चेहरा कसा होता सांग," ते ब्रश भिजवत म्हणाले.

"गोल."

"गोल म्हणजे लांबट गोल?"

"नाही. गोल गोल."

"गोल नाही रे काढत कुणी. नाक?"

"बसकं."

"हिकोजी, बायको होती ना तुझी? मग असं काय बोलतोस तिच्याबद्दल?"

"तुम्ही तिला पाहिलंय की, राकुहोसाहेब. तुम्हाला चहा तीच द्यायची."

त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. प्रामाणिक माणूस. "चहा आठवतोय," ते म्हणाले. "भाजका वास होता त्याला." मग त्यांनी चित्र काढलं. लांबट चेहरा, कलिंगडाची बी. ब्रश खाली ठेवून आपुलकीने म्हणाले, "घे. हुबेहूब आहे की नाही?"

तेव्हा मी स्वतःच कोरायचं ठरवलं. पण मी कायदा मानणारा आहे. नावाचं काय करायचं ते विचारायला तपासनीस साहेबांकडे गेलो. ते प्रकाशकांच्या मंडळातले ज्येष्ठ गृहस्थ, त्या महिन्याची तपासणीची पाळी त्यांची होती. शिक्का त्यांच्यासमोर उशीवर ठेवलेला होता.

"बाई कोण?" त्यांनी विचारलं.

"माझी बायको. ओनुई."

"म्हणजे सभ्य."

"हो."

"मग नाव नाही टाकता येणार." त्यांना खरंच वाईट वाटलं. "योशिवारात कधी होती का? लग्नाआधी?"

"नाही साहेब."

"थोडे दिवस?"

"नाही."

"एखादा दिवस? नीट आठवून बघा. घाई नाही."

"ती कोरण्यांना धार लावायची, साहेब."

"अरेरे," ते म्हणाले. "बरं, प्रती किती काढणार?"

"एकच. माझ्यापुरती."

"एकच?" त्यांचा आवाज खाली आला. "दोनशे काढणारा माणूस विकत असतो, ते मी समजू शकतो. एकच काढणाऱ्याच्या मनात काय असतं ते सरकारला कसं कळणार?" मग ते जरा जवळ सरकले. "असं करा. एखाद्या कलावंतिणीच्या नावाने काढा. हुकुमात नावाबद्दल सगळं आहे. चेहऱ्याबद्दल अक्षर नाही."

मी वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत सरकारी माणसाने दिलेला एवढा उपयोगी सल्ला मी ऐकला नव्हता. फक्त माझ्या बायकोला त्यासाठी कलावंतीण व्हावं लागणार होतं, आणि त्याला तिची काही हरकत असती तर ती कळण्याचा मार्ग उरलेला नव्हता.

योगायोगाने माझ्या फळीवर तेव्हा आसानागीच चिकटवलेली होती. नुसतं डोकं आणि खांदे, मोठं चित्र. बेत सोपा होता. चेहरा ओनुईचा कोरायचा, एक प्रत काढून घ्यायची, मग तेवढा तुकडा काढून नव्या लाकडाचं ठिगळ बसवायचं आणि त्यात नेहमीची आसानागी कोरून ठोकळा छपाईला द्यायचा. कुणाला कळणार नाही.

मी ब्रशने गाल बाहेर ओढला. नाक बसवलं. भुवया आसानागीच्याच राहू दिल्या. (इथे लग्न झालेल्या बायका भुवया काढून टाकतात. ओनुईच्या मी लग्नाआधी पाहिल्या होत्या म्हणे, पण तेव्हा मी फार लाजत होतो.) आणि तीळ ठेवला. ओठाच्या कोपऱ्याशी, मिरीच्या दाण्याएवढा. तो मला नक्की आठवत होता, अगदी जागेसकट, कारण शेवटी तिला न्हाऊ घालून, पांढरं नेसवून निजवली होती तेव्हा मी पहिल्यांदाच तिच्याकडे बराच वेळ बघत बसलो होतो. करण्यासारखं दुसरं काम नव्हतं.

तिळाबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. तीळ कोरता येत नाही. तीळ सोडावा लागतो. त्याच्या भोवतालचा गाल काढून टाकायचा आणि तेवढी जागा न कोरता ठेवायची. एवढंच करायला मला तीन दिवस लागले.

प्रत निघाली तेव्हा मी ती खिडकीशी धरली. ओळखीची वाटली. जरा परकीही वाटली. मी मनात म्हटलं, मेल्यावर माणसात थोडा फरक पडणारच.

प्रत घडी करून छातीशी ठेवली आणि ठिगळाचं लाकूड कापायला बाहेर गेलो. परत येतो तो फळी जाग्यावर नाही. तोकुझाएमोन येऊन घेऊन गेले होते. आठव्या महिन्याची जत्रा तोंडावर, योशिवारात आसानागीची मिरवणूक निघणार, छपाईवाले खोळंबलेले. मी धावत दुकानात पोचलो तेव्हा तपासनीस साहेब ओल्या प्रतीवर शिक्का मारत होते. त्यांनी नाव वाचलं, मान डोलावली आणि माझ्याकडे बघून अगदी बारीक हसले.

"मालक," मी म्हटलं, "चेहऱ्यात थोडं काम राहिलंय."

तोकुझाएमोननी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "हा तीळ राकुहोंनी घातला?"

"मी."

"का?"

खरं सांगणं शक्य नव्हतं. "तिला आहे असं ऐकलं," मी म्हटलं.

"वा! आतल्या गोटातली बातमी!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हिकोजी, इतकी वर्षं हे डोकं कुठे ठेवलं होतंस?"

पुढचं सगळं शहराला माहीत आहे. चित्र चार दिवसांत संपलं. जाड गालांची म्हणून सुरुवातीला थोडी कुजबुज झाली, पण मान्झो तेलवाल्याने चारचौघांत शपथेवर सांगितलं की तीळ खरा आहे, त्याने तो स्वतः पाहिला आहे. बिचाऱ्या आसानागीला तीळ नव्हता. पण येणारा प्रत्येक जण आधी तिळाची चौकशी करू लागला, तेव्हा मिरवणुकीच्या दिवशी ती तीळ लावूनच बाहेर पडली. उजव्या गालावर, चित्रात होता तिथेच. पंधरवड्यात तिच्या घरच्या सगळ्या मुलींना तीळ आला. महिन्याभरात टपरीवाल्यांना, शिंपिणींना, विधवांना आला. प्रसाधनाच्या दुकानांत तिळाची शाई मिळू लागली, पावसात न जाणारी. मी एका सकाळी निहोनबाशी पुलावर बसून मोजणी केली. शंभर बायकांमागे एकसष्ट जणींच्या उजव्या गालावर तीळ होता. दोघींच्या डाव्या गालावर होता. तो जन्माचा असावा, कारण त्यावर त्यांनी पावडर थापली होती. एका म्हाताऱ्या बाईने दोन्हीकडे लावला होता, खबरदारी म्हणून.

मला बरं वाटत होतं हे मी लपवत नाही. बायकोचं नाव काढायला परवानगी नव्हती. पण तिचा तीळ सगळं शहर मिरवत होतं. कुठल्या सरदाराच्या बायकोच्या वाट्याला एवढं येतं? मी रस्त्यातून नवरदेवासारखा हिंडायचो.

मग एके दिवशी शेजारची ओकुमे लोणच्याची वाटी घेऊन आली. ओनुईची वीस वर्षांची मैत्रीण, तोंडाने फटकळ, मनाने लोण्यासारखी. तिच्याही उजव्या गालावर तीळ होता.

"भावजी, मुळा आणलाय. खा, नाहीतर तुम्हीही लाकडासारखे व्हाल," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या चित्राकडे बघून थबकली. ती माझी पहिली प्रत होती. "हे काय, तुम्हीपण? सगळ्या शहराने लावली ती लावली, तुम्ही घरात आसानागी लावलीत? वर्ष नाही झालं तिला जाऊन!"

मला सांगावंच लागलं. "ओकुमे, ती आसानागी नाही. नीट बघ. ओनुई आहे."

तिने बघितलं. जवळ गेली, बाहीने डोळे टिपले, परत बघितलं. आणि मग खो खो हसत सुटली. हसता हसता खाली बसली.

"अहो भावजी, तीळ!"

"तीळ तिचाच आहे. त्याची शपथ घेतो."

"तिचाच हो! पण तो डाव्या गालाला होता ना!"

"शक्य नाही. मी स्वतः बघून कोरला."

"आणि मी काय आंधळी आहे? ती इथे उंबऱ्यात बसायची, मी अशी समोर. तीळ माझ्या उजव्या हाताला यायचा. दर महिन्याला त्यावरचा केस मी उपटायचे!"

"केस?" मी म्हटलं.

"मग! एकच होता, पण असा ताठ. ती ओरडायची, मेले हळू उपट. तुम्ही तिथेच तर बसलेला असायचात, चार हातांवर."

"तिळावर केस होता?"

ओकुमे हसायची थांबली. "भावजी," ती हळू म्हणाली, "शहरातले केसांचे सगळ्यांत मोठे कारागीर ना हो तुम्ही?"

ती गेल्यावर मी मुळा खाल्ला. मग पद्धतशीर विचार केला. तिला मी शेवटी नीट पाहिलं तेव्हा ती निजवलेली होती. किमोनोची उजवी बाजू वर, मेलेल्याला घालतात तशी. आणि उजवी बाजू वर दिसली की गेली एकतीस वर्षं माझं डोकं एकच समजतं. हा ठोकळा आहे. म्हणून मी तिला तशीच, जशी दिसली तशी, लाकडावर उतरवली, आणि छापताना ती उलटली. एकतीस वर्षांत ती पहिल्यांदाच मला नीट नेसलेली बाई वाटली होती, म्हणून मी तिच्याकडे बघितलं. आणि बघितलं तेही फळी म्हणूनच.

शिकाऊ पोराने अशी चूक केली असती तर मी त्याला घरी पाठवला असता. मी घरीच होतो, त्यामुळे तीही सोय नव्हती.

ठोकळा मी छपाईवाल्याकडून मागून आणला. म्हटलं, झिजलाय, डागडुजी करतो. उजव्या गालातला तीळ काढून तिथे लाकडाचं ठिगळ बसवलं. दुसऱ्या गालात दुसरं ठिगळ बसवून त्यात तीळ सोडला. आणि त्या तिळावर एक केस सोडला. तांदळाच्या दाण्यात मी सहा बसवतो, हा एकच होता. त्याला नऊ दिवस लागले. सहा लाख बेचाळीस हजारांनंतरचा हा, पण याच्यावर कुणीतरी ओरडायचं. तीनदा तुटला. कोरणीला धार नव्हती.

काम संपत आलं तेव्हा तोकुझाएमोन ठोकळा न्यायला आले. मी प्रत काढून त्यांच्यासमोर धरली.

"ही कोण?" ते म्हणाले.

"आसानागी, मालक."

"अरे कसली आसानागी! तीळ चुकलाय! डाव्या गालावर कुठे असतो तिला? आणि हे काय? तिळावर केस?" त्यांनी प्रत खाली ठेवली. "हिकोजी, राग मानू नकोस. वय होतं माणसाचं. बायको गेल्यावर जास्तच होतं. ठोकळा फुकट गेला, जाऊ दे. पण हे कुणाला दाखवू नकोस, लोक म्हणतील याने बाईची विटंबना केली."

"ठेवून घेऊ मी?"

"ठेव. चूल पेटवायला होईल."

अशा रीतीने जी प्रत बघून कुणालाही आसानागी आठवणार नाही अशी एकुलती एक प्रत माझ्या हाती आली. कायद्याचा मी शेवटपर्यंत मान राखला. नावाचा चौकोन कापून टाकला. निनावी बाईला हुकूम लागू नाही.

वर्षश्राद्धाला भिक्षू आले. मंत्र म्हणून झाल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि समजूतदारपणे म्हणाले, "एकट्या माणसाला अशी चित्रं लावावीशी वाटतात, त्यात पाप नाही. पण आसानागी तितकीशी जमली नाही हो यात."

मग ओकुमे आली. तिने उंबऱ्यातच चप्पल सोडली, वर बघितलं आणि तिथेच उभी राहिली. सरळ चित्राजवळ गेली आणि अंगठा आणि बोट पुढे करून तिळावरचा केस धरायला लागली. कागदाला नख लागलं तेव्हा भानावर आली.

"मेली," ती म्हणाली, "वाढवून ठेवलाय बघा वर्षभर."

चित्राला तिथे नखाचा ओरखडा आहे. तो मी दुरुस्त केलेला नाही.

आता तुमच्याबद्दल. वाचताना तुम्ही माझी कीव केलीत, ते योग्यच आहे, मीही करतो. पण हा कागद खाली ठेवण्याआधी एक छोटी तपासणी, सरकारी नाही. तुमच्या शेजारी कुणीतरी चहा ठेवून गेलं असेल. मान न वळवता सांगा, त्या माणसाच्या चेहऱ्यावर तीळ आहे का आणि कुठल्या बाजूला. चहाकडे बघू नका. तिथे लिहिलेलं नसतं.

येत नसेल तर राहू द्या, सोपा प्रश्न विचारतो. आसानागीचा तीळ कुठल्या गालावर?

उजव्या. बघा, किती पटकन आलं. आणि तिला तर तीळच नव्हता.